कार्टून तेवढी उडवली, सर

"सर, डेटा सगळा आला आहे, फक्त ती कार्टून होती ना, ती उडवली," असे तपकीर गल्लीतील हार्डडिस्क दुरुस्त करणाऱ्या तरुणाने मला गेल्या मंगळवारी सांगितले आणि साडेचार हजारांची पावती पुढे सरकवली. त्याच्या चेहऱ्यावर, भाजीबरोबर कोथिंबीर फुकट देणाऱ्या माणसाचे समाधान होते.

ती कार्टून म्हणजे मी होतो. 2006 ते 2009 अशी तीन वर्षे मी कंपनीच्या कामासाठी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहत होतो आणि रात्री 'सिटी ऑफ हीरोज' या ऑनलाइन खेळात पॅरागॉन सिटी नावाच्या शहराचे रक्षण करीत होतो. क्रिप्टिक स्टुडिओजने घडवलेला आणि एनसीसॉफ्टने एप्रिल 2004 मध्ये बाजारात आणलेला हा खेळ. त्यात आपला महानायक आपणच शिवायचा; बुटांपासून मिशांपर्यंत सारे हाताशी असे. माझ्या नायकाचे नाव 'मिसळमॅन', शक्ती अर्थातच आगीची. आग फेकणारे नायक या खेळात वरचेवर मरत आणि मेल्यावर त्यांच्या नावे अनुभवाचे कर्ज चढे, जे पुढे लढून फेडावे लागे. गृहकर्जाची माझी मानसिक तयारी तिथेच झाली. पाठीवरचा झगा मात्र विसाव्या पातळीशिवाय मिळत नसे, कारण परग्रहावरील रिक्टींशी लढताना धारातीर्थी पडलेल्या 'हीरो वन'च्या सुतकात शहरातील नायकांनी झगे उतरवले होते, अशी कथा होती. तो भगवा झगा, ज्याला मी मनातल्या मनात उपरणे म्हणत असे, मला मिळाला त्या रात्रीचे चित्र त्या डिस्कवर होते.

खेळ बंद होऊन बरीच वर्षे झाली. परंतु काही जुने खेळाडू आता त्या काळची चित्रे आणि आठवणी एकत्र जमवीत आहेत, आणि त्यांना पाठवण्यासाठी मी माळ्यावरून ती डिस्क काढली होती. दुकानाच्या अर्जावर 'डिस्कवर काय आहे' असा रकाना होता. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला तिथे 'गेमचे फोटो' असे लिहिण्याचा धीर झाला नाही, म्हणून मी 'फॅमिली फोटो' असे लिहिले. या प्रकरणात माझी चूक एवढीच, आणि दुर्दैवाने ती माझ्या सहीनिशी आहे.

"पुन्हा काढता येतील का?" मी विचारले.

"डिस्क एकदाच फिरली, सर. आता ती गेली."

"काय गेलं?" मागच्या स्टुलावरून आवाज आला. मांडीवर जुना सीपीयू चादरीत गुंडाळून, झोपलेल्या नातवासारखा धरून बसलेले एक काका उठून काउंटरपाशी आले. हे प्रकरण आता आपल्याकडे सोपवण्यात आले आहे, अशी त्यांची खात्री दिसली.

"फोटो गेले," मी म्हणालो.

"कोणाचे?"

"माझे."

"यांचे नव्हते हो, काका," तरुण म्हणाला. "लाल कपड्यांतला एक माणूस होता, पाठीला चादर बांधलेला."

"तोच मी."

काकांनी मला पायांपासून टकलापर्यंत पाहिले. "नाटकात होतात? मी एकाहत्तर साली पुरुषोत्तम करंडकाला होतो. भालदार."

"नाटक नाही. कॉम्प्युटरवरचा खेळ. त्यात एक शहर होतं."

"कुठे?"

"ऱ्होड आयलंडमध्ये."

"मग प्रश्नच मिटला. माझी भाची शेजारीच आहे, कनेक्टिकटला. रविवारी गाडी काढून जाईल आणि फोटो पाठवील."

"काका, ते शहर खरं नाही."

"मग तुम्ही तिथे फोटो कसे काढलेत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी म्हणालो, "ते 2012 साली बंद केलं."

"शहर बंद केलं? कोणी?"

"कंपनीने. 31 ऑगस्टला जाहीर केलं आणि 30 नोव्हेंबरला बंद."

"तीन महिन्यांची नोटीस," काका तरुणाकडे वळून म्हणाले. "आणि पुनर्वसन?"

हा प्रश्न इतका नेमका होता की, मला राग विसरून सविस्तर सांगावेच लागले. शहर बंद होण्याआधी लोक मशाली घेऊन ॲटलासच्या पुतळ्यापाशी कसे जमले. टायटन नेटवर्क या चाहत्यांच्या गटातील स्वयंसेवकांनी प्रत्येकाला आपल्या नायकाची नोंद आपल्या संगणकावर उतरवून घेता यावी म्हणून साधन कसे तयार केले, आणि मी तेव्हा स्वतःच्या लग्नाच्या गडबडीत असल्यामुळे ते कसे वापरले नाही. पुढे काही चाहत्यांनी ते शहर एका सर्व्हरवर पुन्हा उभे केले, पण सुमारे सहा वर्षे मोजक्या लोकांपुरते गुप्त ठेवले आणि एप्रिल 2019 मध्ये ते उघडकीस येताच कसा गदारोळ झाला, हे सारे मी सांगितले.

"म्हणजे सोसायटीला टँकर आला, आणि चौघांनी रात्री गुपचूप आपापल्या टाक्या भरल्या," काका म्हणाले. गेल्या सात वर्षांत मी हा विषय अनेकांना समजावला आहे, पण इतक्या लवकर तो कोणालाही समजला नव्हता.

"हो. नंतर ते सर्वांना खुलं झालं, आणि जानेवारी 2024 मध्ये मूळ कंपनीने चाहत्यांच्या 'होमकमिंग' सर्व्हरला रीतसर परवाना दिला."

"भोगवटा प्रमाणपत्र मिळालं म्हणा की! मग जा आणि काढा नवे फोटो. आमचा शनिवार पेठेतला वाडा पानशेतात गेला. एकही फोटो राहिला नाही. आम्ही बसलो का रडत?"

पुण्यात कोणतेही दुःख पानशेतापर्यंत पोहोचले की बुडते. 1961 सालच्या त्या पुरापुढे टिकेल असे दुःख मी अजून पाहिलेले नाही. त्यामुळे मी गप्प बसलो. जे सांगायचे राहिले ते असे, की मी तिथे गेलो होतो. शहर जसेच्या तसे आहे, पुतळा जागेवर आहे. नायक मात्र सर्वांनाच नव्याने करावे लागले, आणि माझा मिसळमॅन पंधरा मिनिटांत हुबेहूब उभा राहिला. त्याच्याभोवती कोणी ओळखीचे नव्हते. त्या हरवलेल्या चित्रात आम्ही आठ जण होतो. त्यांतील एक ओहायोमधील परिचारिका होती. दिवसभर रुग्ण सांभाळून रात्री खेळातही ती जखमींनाच बरे करीत असे, आणि मला तर दर दोन मिनिटांनी. मिसळ म्हणजे काय हे मी तिला रात्री दीड वाजता टंकून समजावले होते, आणि "हा तर नाश्ता नसून अपघात आहे" असे तिने कळवले होते. त्या खेळात चित्र काढताना पडद्यावरचा मजकूर आपोआप वगळला जाई, म्हणून मी आठही जणांची नावे फाइलच्या नावात लिहून ठेवली होती. आज मला तिच्या नायिकेचे नाव आठवत नाही. तिचे खरे नाव मी कधी विचारलेच नव्हते.

त्या तरुणाला हे कसे सांगणार? ज्या कार्टूनांच्या कपड्यांवरून 2004 साली महानायकांची कॉमिक्स काढणारी मार्व्हल कंपनी न्यायालयात गेली (आणि तिने पुरावा म्हणून दिलेली काही पात्रे तिच्याच माणसांनी बनवलेली निघाल्यामुळे न्यायाधीशांनी ती वगळली), ती त्याने 'फालतू जागा खात होती' म्हणून पुसली. आणि नायगाराची सत्तेचाळीस छायाचित्रे ठेवली, ज्यांपैकी शेहेचाळिसांत केवळ पाणी आहे. एका आतेभावाच्या मुंजीचीही दोनशेंवर आहेत. त्या मुंजीला मी नव्हतो. दुसऱ्याच्या आयुष्यातले काय फालतू हे ठरवण्याचे पैसे मी साडेचार हजारांत धरले नव्हते. ते मी बोलूनही दाखवले, आवाज थोडा चढलाही. त्यावर त्याने शांतपणे तो अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि 'फॅमिली फोटो' या माझ्याच अक्षरावर बोट ठेवले.

"दोनशे कमी द्या," तो म्हणाला. "आणि गुगलवर असतीलच की, सर, कार्टून."

काका तोवर चादरीची गाठ सोडू लागले होते. आत सोसायटीचा अकरा वर्षांचा देखभाल खर्चाचा हिशेब होता. "यातलं काहीही उडवू नकोस," त्यांनी तरुणाला बजावले. "कार्टून निघालं तरी ठेव. चेअरमनचं असेल."

संग्रहाला एक तरी चित्र पाठवायचे होते, म्हणून त्या रात्री मी नायगाराचे सत्तेचाळिसावे पाठवले. त्यात बोटीच्या कठड्यापाशी मी उभा आहे, आणि बोटीवर मिळालेला प्लॅस्टिकचा रेनकोट वाऱ्याने पाठीमागे भरभरून फुगला आहे. रंग तेवढा निळा आहे.