बिया भिरकावून जंगल उगवत नाही

आंब्याचा हंगाम सरत आला की तो मेसेज हमखास येतो. फळं खाल्ल्यावर बिया कचऱ्यात टाकू नका. धुवा, उन्हात वाळवा, पिशवीत भरून गाडीत ठेवा आणि पावसाळ्यात घाटातून जाताना रस्त्याकडेच्या ओसाड जमिनीवर भिरकावा. काही वर्षांत फुकटात जंगल तयार, माकडांनाही खायला मिळेल, ती शेतात यायची थांबतील. शेवटी जोडलेले हात आणि 'जास्तीत जास्त शेअर करा'. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, म्हणून आजवर कुणी फारसं बोलत नाही. पण बोलायला हवं.

"धुवून उन्हात वाळवा." इथंच निम्मा खेळ खलास. आंबा, जांभूळ, फणस यांचं बी ओलं आहे तोवरच जिवंत असतं. ज्वारी-हरभऱ्यासारखं ते वाळवून ठेवता येत नाही. उन्हात तापलेली कोय कानाशी हलवून पाहा, आतला गर आकसून खुळखुळत असतो. ती मग घाटात टाका नाहीतर घंटागाडीत, फरक शून्य. (हापूसची कोय रुजली तरी हापूसच येईल याची खात्री नाही, पण माकडाला कलमाचं काय पडलंय.) वाळवूनही ज्या तग धरतात त्या सीताफळ, पेरू, पपईच्या बिया. ही सगळी फळं मुळात अमेरिका खंडातून आलेली. परसात हवीतच, पण सह्याद्रीच्या रानाचं त्यांच्यावाचून काही अडलेलं नाही.

"बी पडलं की पावसात आपोआप रुजतं." रुजतं, कधीकधी. पुढं काय? जुलैत उगवलेलं रोप दिवाळीपर्यंत वीतभर होतं, मग सात-आठ महिने कोरडे. शेळीच्या तोंडातून सुटलं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा आहेच. 'जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं' म्हणून लावलेली आग, नाहीतर कुणीतरी टाकलेलं थोटूक. डोंगर उघडे पडले ते बियांच्या टंचाईनं नव्हे, तोडीनं आणि आगीनं. उतारावर तोडलेल्या ऐन, किंजळ, जांभळाच्या बुंध्यांना दर पावसाळ्यात फुटवे येतात आणि दर उन्हाळ्यात ते जळतात. आग काही वर्षं अडवली तर तेच फुटवे माणसाच्या डोक्यावर जातात. मुळं जुनी, खोल गेलेली. त्यांना टँकर लागत नाही.

"ओसाड जमिनीवर टाका." सगळ्यात घातक सल्ला हा. कासचं पठार मे महिन्यात पाहिलंत तर या व्याख्येत चपखल बसेल: उघडा जांभा, सुकलेलं गवत, झाडोरा नावालाच. तिथली माती इतकी पातळ आणि निकस की सीतेची आसवं, दवबिंदू यांसारख्या वनस्पती किडे पकडून उणीव भरून काढतात. 2012 मध्ये पश्चिम घाटातली जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली त्यात कास आहे, आणि सप्टेंबरचा तो फुलोरा झाडांची सावली नसलेल्या उघड्या जमिनीवरच जगतो. पठाराला कुंपण घालून गुरं बंद केली तेव्हा गवत माजून फुलं दबली, अशी तक्रार आसपासच्या गावकऱ्यांनीच केली आणि पुढं ते कुंपण हटवलं गेलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, याच जातकुळीचे. देशावर माळ आहेत. सोलापूरजवळ नान्नजला ज्या माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, तो उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. धाविक, चंडोल, खोकड, लांडगा यांचं घर तेच, आणि धनगराच्या मेंढरांची चराईही तिथंच. हिरवं दिसावं म्हणून तिथं झाडोरा वाढवला तर हे सगळे बेघर होतात. पुण्याच्या टेकड्यांवर हौसेनं लावलेला गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड) आज काय करून बसलाय, ते जाऊन बघावं.

"माकडं शेतात येणार नाहीत." रस्त्याकडेला फळझाडं म्हणजे माकडं रस्त्यावर आणि मग गाडीखाली. रानातले वड-उंबर पेरायला धनेश, वटवाघळं समर्थ आहेत. आपण जुनं झाड तोडू दिलं नाही तरी पुष्कळ.

"पण निदान लोक जोडले जातात, नुकसान काय?" हा युक्तिवाद मात्र वजनदार आहे. म्हणून लोक जोडले जातात तेव्हा काय होतं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात पाहू. 2012 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरायचे आणि राखायचे कायदेशीर हक्क, मिळाले. विडीसाठी लागणारी तेंदूपानं हा तिकडचा हक्काचा पैसा. पण पानांसाठी झाडं छाटली जातात, नवी पालवी यावी म्हणून आग लावतात. ग्रामसभेनं तेंदूपानं तोडणंच बंद केलं. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आता झाडावर पिकतात, पाखरं खातात, माणसंही खातात. कमाई बांबूवर, आणि जंगलाचा एक तुकडा देवराईसारखा न तोडता राखलेला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर असेच हक्क मिळाले, तिथंही निर्णय ग्रामसभेचा. मिळकत सोडणं, गस्त घालणं, भांडणं मिटवणं ही कामं गाडीच्या काचेतून होत नाहीत. बिया फेकल्यावर मात्र आपला वाटा उचलला असं वाटतं आणि टेकडीवर पुन्हा कुणी फिरकत नाही. नुकसान ते हे.

शहरातल्यांना हात लावायला कामं भरपूर आहेत. गवत वाळलं की वनखात्याला विचारून जाळरेषा (वणवा अडवणारा गवत काढलेला पट्टा) काढायला जा. त्याआधी, पावसाळा सरताना, कॉसमॉस उपटा. लोक ज्याच्यात उभं राहून फोटो काढतात ते पिवळं-केशरी फूल मेक्सिकोचं आहे आणि गवताची जागा बळकावतंय. माती ओली असताना ते मुळासकट सहज येतं. बी धरायच्या आत उपटायचं, नाहीतर त्या काळ्या सुया आपल्याच कपड्यांना लागून पुढच्या टेकडीवर जातात. आणि जांभळाच्या बिया उरल्याच असतील तर न वाळवता, त्याच आठवड्यात जवळच्या रोपवाटिकेत पोचवा.