विष फक्त रोमिओ पितो
शेक्सपिअरच्या नाटकावरच्या लेखात ‘रोमिओ आणि ज्युलिएट दोघंही विष पिऊन मरतात’ असं लिहिलंय, ते बरोबर नाही. विष फक्त रोमिओ पितो. ज्युलिएटसाठी थेंबही उरत नाही. त्याच्या ओठांवर काही राहिलं असेल म्हणून ती त्याचं चुंबन घेते आणि शेवटी त्याच्याच खंजिराने जीव देते. त्याआधी तिने घेतलं ते ४२ तास मेल्यासारखं निजवणारं औषध. मला मात्र पोटातून कळवळा येतो तो इटलीतल्या मांटुआ शहरातल्या औषधविक्याचा. विष विकलं तर तिथे मृत्युदंड, पण बिचारा उपाशी, म्हणून रोमिओकडून ४० डुकाट (सोन्याची नाणी) घेऊन विष देतो. रोमिओ त्याला म्हणतो, खरं विष तर मीच तुला देतोय, हे सोनं! हा प्रसंग लेखात यायलाच हवा होता.