‘ताकेशीज्’ बघताना केसांवर नजर ठेवा

जपानी नट-दिग्दर्शक ताकेशी कितानोचा ‘ताकेशीज्’ (२००५) हा सिनेमा अर्ध्यावर सोडणारे बरेच आहेत. खरं कुठलं आणि स्वप्न कुठलं याचा हिशेब मांडत बसलं की तो लवकरच जुळेनासा होतो, मग माणूस वैतागतो. माझं स्पष्ट मत: हा सिनेमा कोडं म्हणून बघूच नका.

यात एकाच चेहऱ्याची दोन माणसं आहेत, आणि ही फाळणी कितानोच्या श्रेयनामावलीतच आहे. नट आणि विनोदवीर म्हणून तो ‘बीट ताकेशी’, दिग्दर्शक म्हणून ‘कितानो ताकेशी’. ‘बीट’ आलं सत्तरच्या दशकातल्या ‘टू बीट’ या मान्झाई जोडीतून (मान्झाई म्हणजे दोघांनी उभ्याने रंगवलेली विनोदी जुगलबंदी). जपानच्या घराघरात टीव्हीवरून पोचला तो बीट. १९९७ला ‘हाना-बी’ या सिनेमासाठी व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला तो कितानोला.

इथे एक बडा स्टार ताकेशी आहे आणि दुसरा हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा श्री. कितानो. हा कन्व्हीनियन्स स्टोअरच्या गल्ल्यावर उभा असतो, ऑडिशन देतो आणि हात हलवत परत येतो. आपल्या डबल रोलमध्ये जुळे भाऊ, ताटातूट असं काहीतरी कारण हाती लागतं. इथे ते दिलेलंच नाही. ओळखायची खूण एकच: गल्लेवाल्याचे केस सोनेरी रंगवलेले आहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाकीच्या नटांचे चेहरे लक्षात ठेवा. कोतोमी क्योनो स्टारची प्रेयसी आहे, तीच गल्लेवाल्याच्या शेजारच्या याकुझाची (जपानी गुंडाची) मैत्रीण. रेन ओसुगी, सुसुमु तेराजिमा, कायोको किशिमोतो हेही असेच दुसऱ्या रूपात परत येतात. हे कळलं नाही की सिनेमा नुसता तुकड्यांचा ढीग वाटतो. कळलं की दिसतं, स्टारच्या आयुष्यातली माणसं गल्लेवाल्याच्या आयुष्यात शिरली आहेत, आणि तिथेही त्याला कुणी विचारत नाही.

मग त्याच्या हाती बंदुका येतात. पुढे तो जे करतो ते सगळं कितानोच्या सिनेमांतलं: निर्विकार चेहरा, समुद्रकिनारा, जागचं न हलता गोळीबार. ‘सोनातिने’त (१९९३) हाच थंडपणा अंगावर येतो. इथे गोळीबार इतका लांबतो की हिंसेतली सगळी जरब निघून जाते. ते मुद्दाम केलेलं आहे आणि मला तो या सिनेमातला सर्वांत धाडसी भाग वाटतो. स्वतःची लोकप्रिय प्रतिमा एवढ्या निर्दयपणे वापरून संपवणारे दिग्दर्शक थोडे. सुरवंट आणि टॅप डान्सचे तुकडे मात्र रेंगाळतात, ते कापले असते तरी चाललं असतं.

म्हणून कितानोची ओळख ‘ताकेशीज्’पासून करून घेऊ नका. आधी ‘सोनातिने’, मग ‘हाना-बी’, मग हा, आणि शक्यतो एका बैठकीत. मध्ये थांबलात तर चेहऱ्यांचे धागे सुटतात. आवडलाच तर लगेच त्याचा २००७चा ‘कान्तोकु बानझाई’ बघा. त्यात तर तो स्वतःच्या जागी चक्क बाहुला उभा करतो.