ऑनलाइन घेतलेल्या टीव्ही-फ्रिजच्या वॉरंटीबाबत खुलासा

'ऑनलाइन घेतलेल्या टीव्ही-फ्रिजला सांगलीत कंपनीची वॉरंटी मिळत नाही' असा मजकूर विश्रामबाग-मिरज भागातील व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहे; तो चुकीचा आहे. वॉरंटी देते ती उत्पादक कंपनी, दुकानदार नव्हे. त्यामुळे वस्तू गणपती पेठेतून आणलेली असो वा मोबाइलवरून मागवलेली, तक्रार कंपनीकडेच नोंदवायची असते, आणि घरी आलेला मेकॅनिक प्रथम पाहतो तो बिलावरची तारीख व फ्रिजच्या स्टिकरवरचा सिरियल नंबर. (थर्मल कागदावरच्या बिलाची अक्षरे कालांतराने उडतात; आमच्या मिक्सरच्या बिलाचा नुसता पांढरा कागद उरला आहे. फोटो काढून ठेवलेला बरा.)

अर्थात, अनधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाची जबाबदारी काही कंपन्या नाकारतात, पण हे दुकानातील खरेदीलाही तितकेच लागू आहे. ओळखीचा दुकानदार स्वतः फोन करून माणूस बोलावतो, ही सोय खरी. मात्र तो त्याचा चांगुलपणा झाला, वॉरंटीची अट नव्हे.

विक्रेता परगावचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे सांगलीकराला सांगलीतच, तक्रार दाखल करता येते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही गाऱ्हाणे नोंदवता येते.