रेषेवरचा बॉल

माझा बालमित्र गेल्या महिन्यात हृदयविकाराने गेला. त्याचे वय 72 होते. समाजमाध्यमावर त्याचे नाव किंवा छायाचित्र देऊ नये अशी घरच्यांची विनंती आहे आणि ती मी पाळतो आहे. त्याला ओळखणाऱ्यांना ही पोस्ट कोणाबद्दल आहे हे पुढच्या दोन परिच्छेदांत कळेलच. वर्तमानपत्रात आलेल्या निधनवार्तेत निवृत्त अभियंता, पश्चात पत्नी, दोन मुली आणि नातवंडे एवढा मजकूर होता. त्यात टेनिसचा उल्लेख नव्हता आणि नसणे स्वाभाविकही आहे, कारण क्लबच्या दुहेरीतल्या एका करंडकाखेरीज त्याने आयुष्यात काही जिंकले नाही. तरीही शाळेपासूनच्या या मैत्रीत त्याला मी जेवढे ओळखले, तेवढे टेनिस कोर्टवरच ओळखले. म्हणून त्याच्याबद्दल एकच गोष्ट लिहितो, ती म्हणजे तो रेषेवरचा बॉल कसा देत असे, म्हणजे आत की बाहेर याचा निर्णय कसा सांगत असे.

टेनिस न खेळणाऱ्यांसाठी थोडे सांगायला हवे. पंच नसलेल्या सामन्यात आपल्या बाजूला पडलेला बॉल आत की बाहेर हे आपणच सांगायचे असते. म्हणजे ज्याचे नुकसान होणार, निर्णयही त्याचाच. खात्री नसेल तर बॉल आत धरायचा आणि गुण समोरच्याला द्यायचा, असा संकेत आहे. मातीच्या कोर्टवर खूण उमटते, तेव्हा शंका आलीच तर जाऊन पाहता येते. सिमेंटच्या कोर्टवर मात्र डोळा आणि मन एवढाच पुरावा. हा नियम वाचायला सोपा आहे. चार-पाच असा मागे असताना, गुडघा दुखत असताना आणि समोर आपल्याला न आवडणारा माणूस असताना तो पाळणे किती अवघड आहे, हे खेळणाऱ्यालाच ठाऊक.

पुण्यात आमच्या लहानपणी टेनिस हा बंगलेवाल्यांचा खेळ होता. त्याचे वडील सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे क्लबचे सभासदत्व हा विषयच नव्हता. तो तारेच्या जाळीबाहेर उभा राहून पाहत असे आणि बाहेर आलेले बॉल परत फेकत असे. त्या क्लबच्या मार्करने त्याला हेरले. मार्कर म्हणजे सभासदांना जोडीदार नसेल तेव्हा त्यांच्याशी खेळणारा, कोर्टवर पाणी मारून घेणारा, रोलर फिरवून घेणारा, फक्कीच्या रेषा सरळ आहेत ना ते पाहणारा पगारी माणूस. सभासद यायच्या आधी, पहाटे, अर्धा-पाऊण तास तो या पोराला खेळवत असे. रॅकेट कोणीतरी टाकून दिलेली लाकडी, गटिंग, म्हणजे तारांची जाळी, तीन ठिकाणी गाठी मारलेले, आणि चौकट वाकू नये म्हणून लावायचा चार स्क्रूंचा प्रेस कुठून तरी मागून आणलेला. सगळे त्या माणसाला 'मार्कर' म्हणून हाक मारत. माझा मित्र मात्र शेवटपर्यंत त्याला 'सर' म्हणायचा.

तो मार्कर सभासदांशी खेळताना शंकेचा प्रत्येक बॉल आत देत असे. वीतभर बाहेर पडलेला बॉलही "गुड शॉट साहेब" म्हणून आत. आम्हाला तो मोठा दिलदार वाटे. पुढे कधीतरी, आम्ही दोघेही नोकरीला लागल्यावर, मित्र मला म्हणाला, "अरे, त्यांना नोकरी टिकवायची होती. साहेबांना आउट देऊन चाललं असतं का? मला तशी सक्ती नाही, म्हणून मी खरं तेच देणार." वरवर पाहणाऱ्याला तो मार्करचाच कित्ता गिरवतो आहे असे वाटायचे, प्रत्यक्षात दोघांच्या देण्यात मोठा फरक होता. हा बाहेरचा बॉल कधीही आत देत नसे. बाहेर असेल तर ठणठणीत आवाजात "आउट", मग समोर त्याच्या खात्याचे मुख्य अभियंता का असेनात, आणि एकदा तर ते खरोखरच होते. पण तिळाएवढी शंका असेल तर गुण समोरच्याचा.

खूण वाचण्यात त्याचा हात धरणारा कोणी मी पाहिला नाही. ताज्या खुणेची कड धारदार असते आणि पाणी मारलेल्या मातीत ती किंचित गडद दिसते. जुनी खूण कडेने भुसभुशीत होत जाते. सपाट मारलेला वेगवान बॉल घसरत जाऊन लांबट ओरखडा उमटवतो, टॉपस्पिनचा, म्हणजे पुढे गिरकी देऊन मारलेला बॉल गोलसर. मित्र बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेपाशी जायचा, गुडघ्यांवर हात ठेवून वाकायचा, रॅकेटच्या टोकाने खुणेभोवती वर्तुळ काढायचा आणि बहुतेक वेळा आपल्याच विरुद्ध निकाल देऊन परत यायचा. त्याचा दुहेरीतला जोडीदार म्हणून मी किती वेळा मनातल्या मनात दातओठ खाल्ले असतील! एकदा मी आउट म्हणालो आणि त्याने सर्वांसमोर "आत होता, सॉरी" म्हणून माझा निर्णय फिरवला. जोडीदारांचे एकमत नसेल तर बॉल आतच धरतात, त्यामुळे नियमाने तो बरोबरच होता. मी त्याच्याशी आठवडाभर बोललो नाही.

तो संत नव्हता, हेही लिहायला हवे, नाहीतर तोच वरून हसेल. नेटवर जोडीदाराने त्याचा बॉल मध्येच कापला की तो भयंकर चिडायचा. बॉलच्या बाबतीत कमालीचा चिक्कू. लव पार झडून बॉलला टक्कल पडेपर्यंत तो डबा बदलू देत नसे, आणि मग तेच बॉल सोसायटीच्या पोरांना क्रिकेटसाठी उदारपणे वाटायचा. पावसाळ्यात मातीची कोर्ट बंद झाली की दसऱ्यापर्यंत घरात इतकी चिडचिड करायचा की वहिनी मला फोन करून "भावोजी, याला कुठेतरी घेऊन जा" म्हणत. आणि जो खोटे आउट देतो त्याच्याशी तो भांडत नसे. नमस्कार करून सामना पूर्ण करायचा आणि पुन्हा आयुष्यात त्याच्याबरोबर खेळायचा नाही. अशा दोन-तीन सभासदांना आपण वाळीत का पडलो हे अखेरपर्यंत कळले नसावे.

डेव्हिस चषक, म्हणजे देशादेशांच्या संघांची टेनिस स्पर्धा, हा आमचा जन्माचा विषय. 1966 साली कोलकात्यात ब्राझीलविरुद्धच्या लढतीत निर्णायक पाचव्या सामन्यात रामनाथन कृष्णन दोन सेट विरुद्ध एक असे मागे होते आणि चौथ्यातही 2-5 पिछाडीवर होते. तिथून त्यांनी थॉमस कॉखला हरवले आणि भारत पहिल्यांदा अंतिम फेरीत गेला. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. त्या सामन्याचे कात्रण त्याने अखेरपर्यंत जपले. 1974 मध्ये आपण पुण्यातच सोव्हिएत संघाला हरवून पुन्हा अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती आणि वर्णद्वेषी धोरणाच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला. न खेळता चषक त्यांना गेला. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते, चषक हातातोंडाशी आला होता, आणि एकवीस वर्षांचा माझा मित्र अक्षरशः रडला. पण निर्णय चुकला असे तो तेव्हाही म्हणाला नाही. "द्यायलाच हवा होता, पण फार महाग बॉल दिला," हे त्याचे वाक्य मला आठवते. 2017 मध्ये बालेवाडीला न्यूझीलंडविरुद्धची लढत आम्ही एकत्र पाहिली. भारत जिंकला, मात्र लिअँडर पेस विक्रमी त्रेचाळिसाव्या दुहेरी विजयासाठी उतरले होते ती दुहेरी हरली. परतताना रिक्षात तो फक्त त्या हरलेल्या दुहेरीबद्दलच बोलत होता.

आमचा शेवटचा मोठा वाद यंत्राबद्दलचा. विम्बल्डनने 2025 पासून 147 वर्षांची परंपरा मोडून रेषापंच काढून टाकले आणि सारे निर्णय इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे सोपवले. मला हे मुळीच पटलेले नाही. त्याच स्पर्धेत पाव्ल्युचेंकोवा आणि कार्टल यांच्या सामन्यात कोर्टच्या एका भागातली यंत्रणा चुकून बंद राहिली, स्पष्ट बाहेर पडलेला बॉल कोणी बाहेर दिलाच नाही आणि तो गुण पुन्हा खेळवावा लागला. मी विजयी मुद्रेने त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "यंत्र बंद होतं, खोटं बोलत नव्हतं." त्याचे म्हणणे असे की जिथे कोट्यवधींचे बक्षीस आहे तिथे माणसाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेऊ नये, ती क्लबात घ्यावी. फ्रेंच स्पर्धेने मातीवरची खूण प्रमाण मानून रेषापंच ठेवले आहेत याकडे मी बोट दाखवले, तर म्हणाला, "तिथे तरी खूण पंचच वाचतो ना, खेळाडू कुठे वाचतो?" या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तरी मी माझे मत बदललेले नाही. ज्या खेळात मोठ्यांनी कधीच स्वतःच्या विरुद्ध बॉल द्यायचा नाही, त्या खेळात लहानांनी ते कोणाकडे पाहून शिकायचे?

कारण लहानांना तर ते करावेच लागते. मुलांच्या स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना प्रत्येक कोर्टवर पंच नसतो, एकच पंच अनेक कोर्टांवर फिरत असतो, आणि बारा वर्षांची मुले आपापले बॉल देतात. जाळीबाहेर पालक उभे असतात आणि खरा गोंधळ तिथे असतो. निवृत्तीनंतर तो अशा सामन्यांना जाऊन बसायचा. एकदा एका मुलाने ताजी खूण सोडून शेजारची जुनी खूण दाखवली आणि गुण घेतला. सामना संपल्यावर मित्राने त्याला रागावले नाही, कोर्टवर नेऊन दोन्ही खुणा दाखवल्या, कड कशी ओळखायची ते समजावले आणि म्हणाला, "आता तुला कळतं. आता चुकून होणार नाही." मुलगा लालबुंद झाला. वडिलांनी मात्र माझ्या मित्राला चार शब्द ऐकवले.

शोकसभा नको असे वहिनींनी सांगितले आहे. त्याऐवजी येत्या रविवारी सकाळी सातला त्याच्या नेहमीच्या कोर्टवर आम्ही जुने भिडू दुहेरी खेळणार आहोत. त्याच्या रॅकेट तिथल्या मार्करकडे शिकणाऱ्या मुलांना द्यायच्या, असे घरी ठरले आहे. भाषणे नाहीत, हार-फुलेही नकोत. आणायचेच असेल तर बॉलचा नवा डबा आणावा. पंच नाही, आपापले बॉल आपणच द्यायचे. कोर्ट दहापर्यंतच मिळाले आहे, त्यामुळे कृपया वेळेवर यावे.