मावशी, गर्भ घसरत नाही

‘एम्ब्रियो ट्रान्सफरनंतर 14 दिवस उठू नका, शिंक-खोकला-जिना कशानेही गर्भ घसरतो.’ धाकटीचं आयव्हीएफ झालं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला गर्भ तिच्या गर्भाशयात सोडला (हेच एम्ब्रियो ट्रान्सफर), तेव्हा हा फॉरवर्ड मावशीने तिला पाठवला. तिसऱ्या दिवशी जाऊन बघते तर ही पायांखाली दोन उशा घेऊन आडवी. शिंक आली की नाक दाबून धरते. लघवीला उठायचं तरी गुन्हा केल्यासारखा चेहरा.

घसरेल कुठून? गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी, असं चित्र डोक्यात असतं, तिथेच घोळ आहे. त्याची पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेल्या असतात, एकावर एक ठेवलेल्या ओल्या कागदांसारख्या. मध्ये पाच दिवसांचा गर्भ, मिलिमीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा. तो कवचातून बाहेर येतो, अस्तराला चिकटतो आणि पेशींमधून वाट काढत आत शिरतो. फलनानंतर 10-12 दिवसांत पुरता आत गाडला जातो, वरून अस्तर सांधतं. शिंकेची काय बिशाद! आपोआप दिवस राहतात त्या बायका तर याच दिवसांत बसमागे धावत असतात, त्यांना पत्ताही नसतो. झोपून राहिल्याने गर्भ जास्त रुजतात असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

त्याच फॉरवर्डमध्ये पुढे: ‘रुजताना रक्ताचा डाग पडतोच, नाही पडला तर संपलं.’ हे लिहिणाऱ्याला मात्र माफी नाही. धाकटी त्यापायी दर वेळी कपडे तपासत होती. हार्विल, विल्कॉक्स आणि सहकारी संशोधकांनी 151 गर्भार बायकांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या. पहिल्या 8 आठवड्यांत रक्त दिसलं फक्त 14 जणींना, आणि तेही रुजण्याच्या दिवशी क्वचितच.

‘तिसऱ्या दिवशी घरीच टेस्ट करा.’ टेस्ट शोधते ते एचसीजी हे गरोदरपणाचं संप्रेरक; गर्भाचं एचसीजी तो रुजू लागल्यावरच रक्तात येतं. क्लिनिकने दिलेली तारीख पाळा, बास.

‘रुजायचा दिवस ठरलेला असतो.’ बरं, यात अर्धं तथ्य आहे. याच विल्कॉक्स यांच्या 1999 च्या अभ्यासात टिकलेल्या गर्भांपैकी 84 टक्के बीजमोचनानंतर (स्त्रीबीज बाहेर पडल्यावर) 8 ते 10 व्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत गर्भ गळण्याचं प्रमाण 13 टक्के होतं, अकराव्यानंतरच्यांत 82. पण उशा लावून तो दिवस अलीकडे येत नाही.

मावशीने यावर हात जोडलेली इमोजी पाठवली आहे, म्हणजे पटलं की नाही देव जाणे. धाकटी मात्र उठली. काल फोनवर बोलताना सलग तीनदा शिंकली.