लेबल वाचावे, पण फार खोलात शिरू नये

हापूसची पेटी घेताना सुज्ञ ग्राहकाने तिच्यावरचे सर्वांत मोठे अक्षर वाचावे आणि तिथेच थांबावे. ‘देवगड’ असे ठळक दिसले की आंबा देवगडचा हे सिद्ध झाले. तसे खोके कोणालाही छापून घेता येते, असले क्षुद्र विचार ऐन अक्षय्य तृतीयेच्या खरेदीत मनात आणू नयेत.

भौगोलिक मानांकनाबद्दल, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच त्याचे नाव लावू देणाऱ्या सरकारी नोंदणीबद्दल, मात्र भरभरून बोलावे. त्याचा कायदा १९९९ चा, तो अमलात आला २००३ मध्ये, आणि २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळाले, एवढे सांगितले की फोडी खाणारे पाहुणे गार होतात. हे नाव रीतसर वापरायचे तर बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते, हा तपशील गाळावा. नाहीतर विक्रेत्याकडे ती नोंदणी विचारण्याची वेळ आपल्यावर येईल आणि मागे खोळंबलेली गिऱ्हाइके आपल्याकडे धाड घालायला आलेल्या अधिकाऱ्यासारखी पाहतील.

सोबत घेतलेल्या आंबापोळीच्या पाकिटावरील हिरवा ठिपका म्हणजे ‘नैसर्गिक’ आणि १४ अंकी परवाना क्रमांक म्हणजे ‘शुद्ध’, असे खुशाल समजावे. ठिपका केवळ शाकाहाराचा आणि क्रमांक केवळ व्यवसायाच्या परवान्याचा आहे, हे कळून आंबापोळीची चव वाढत नाही.

घरी पेंढा बाजूला सारताना तळाशी कानडी वर्तमानपत्र निघाले, तर गांगरू नये. कोकणी बागायतदाराचे वाचन दांडगे असते. साल जाड लागली, गर केशरी निघण्याऐवजी पिवळा निघाला, तर यंदाच्या हवामानाला दोष द्यावा, ते उलट उत्तर देत नाही. (कर्नाटकाच्या आंब्याचा यात काडीचा अपराध नाही. तो स्वतःच्या नावाने विकला जायला केव्हाही तयार असतो. त्या नावाला आपण तेवढे पैसे मोजत नाही, म्हणून वाटेत त्याचे बारसे होते.)

देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात फळावर लावायचे क्रमांकाचे स्टिकर आणले. काही अंक वर दिसतात, उरलेले स्टिकर काढल्यावर, आणि ते जुळवून ग्राहकाने स्वतः खात्री करून घ्यायची असते. इतक्या खटाटोपात पडू नये. स्टिकर अलगद सोलून मुलाच्या वहीवर चिकटवावे.

आपल्या ज्ञानाचा खरा उपयोग भाव करताना होतो. आंबा हातात घेऊन देठाशी नाक न्यावे, कपाळाला आठी घालावी, ‘हा कर्नाटकाचा दिसतोय’ असे विक्रेत्याला ऐकवून डझनामागे चांगले पैसे उतरवून घ्यावेत, आणि तीच पेटी शेजाऱ्यांकडे अस्सल देवगड म्हणून वाटायला पाठवावी.